हसरीचा राग

पाहुण्यांतल्या थोरल्या बाईंनी चहाचा कप घेतला, "शहाणी गं बाळ" म्हणून हसरीचा हात कौतुकानं हातात धरला, आणि लगेच सोडून दिला.

"अहो, हिचा हात बघा आधी..."

उजव्या तळव्यावर इस्त्रीच्या टोकाचा डाग उठला होता. लालभडक, टरारून फुगलेला, मधोमध पाणी धरलेला. आणि त्याच हातानं पोर ट्रे पेलत होती, एकेकापुढे वाकून कप देत होती, आणि तिच्या चौदा वर्षांच्या गोल चेहऱ्यावर तेच हसू होतं, ज्या हसण्यावरून घरातले तिचं खरं नाव विसरून गेले होते आणि अख्खी गल्ली तिला हसरीच म्हणत होती.

ट्रे कुणी काढून घेतला, पाहुणे कधी उठले, कुणाला काही सुधरलं नाही. स्वयंपाकघरातून धाकटी धावत आली. धाकटी म्हणजे हसरीची आत्या. चाळिशी उलटली, कानाजवळचे केस पांढरे झाले, तरी थोरल्या भावाच्या घरात ती धाकटीच राहिली होती. तिनं हसरीला नळाखाली नेलं, हातावर गार पाण्याची धार धरली. मागून हसरीची आई मलमाची नळी घेऊन पुढे आली, तशी धाकटी सवयीनं म्हणाली, "वहिनी, तुम्ही राहू द्या, मी बघते." वहिनींनी मुकाट्यानं नळी तिच्या हाती दिली आणि त्या बाजूला झाल्या.

"दुखतंय का गं बाळा?" धाकटीनं विचारलं.

हसरी हसली. डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या, खालचा ओठ थरथरत होता, पण त्या थरथरीतूनच ती बापडी हसत होती...

दादा, म्हणजे हसरीचे वडील, दारात उभे होते. दादांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना 'आता नीट दिसतंय का, आणि आता?' असं गोड आवाजात विचारणारा हा माणूस घरी आला की चार शब्दांच्या वर बोलत नसे. आज मात्र ते बोलले.

"इस्त्री कधी लावली होती?"

"साडेचारला," वहिनी म्हणाल्या. "मी दाराशी दूधवाल्याशी बोलत होते, तेवढ्यात..."

"आता सहा वाजले. दीड तास ही भाजलेल्या हातानं घरात फिरली आणि आपल्या तिघांतल्या एकालाही कळलं नाही. उद्या रस्त्यावर कुणी हिचा हात धरून घेऊन जाईल, तरी ही हसतच जाईल." त्यांनी कपाटातून एक लिफाफा काढून टेबलावर ठेवला. आत निवासी संस्थेचा अर्ज होता, सहा तासांच्या प्रवासावरच्या गावातला. वर्षभरापूर्वीच आणून ठेवलेला. "नव्या सत्रापासून ती तिथे राहील. तीन महिने आहेत, तोवर तयारी करा."

"दादा, असं नको रे करूस," धाकटीच्या तोंडून कसंबसं निघालं. "हे तीन महिने मला दे. दुखलेलं सांगायला मी शिकवते तिला. शिकली, तर तो अर्ज फाडशील ना?"

"दहा वर्षं तुलाच दिली होती." दादांचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "तुला स्वतःचा संसार नाही, म्हणून तू आमच्या लेकीचा..."

वाक्य तिथंच राहिलं. पण अर्धवट वाक्याचं पुढचं टोक ऐकणारा आपणच पुरं करतो, आणि ते बोलणाऱ्यापेक्षा कितीतरी धारदार करतो. धाकटीनं मान खाली घातली, हसरीच्या बोटांना कापसानं टिपून घेतलं. दादा खोलीत गेले. जाता जाता म्हणाले, "बरं. तीन महिने. पण मला तुझे शब्द नकोत, तिच्या तोंडून ऐकायचंय."

खरं तर संसाराचं काय झालं होतं, हे दादांइतकं कुणाला ठाऊक होतं? धाकटी नकाशे काढणारी होती. इमारतींचे नकाशे. तिची रेघ अशी की कचेरीतले थोरले लोक आपली कामं तिच्या टेबलावर आणून ठेवत. दुसऱ्या शहरात मोठ्या जागेचं बोलावणं आलं होतं, आणि त्याच कचेरीतला एक मितभाषी माणूस तिच्यासोबत तिकडे जायला तयार होता. तेव्हा हसरी चार वर्षांची होती. तिला बोलणं येत नव्हतं, डॉक्टरांनी बुद्धीची वाढ सावकाश होईल म्हणून सांगितलं होतं, आणि चार माणसं जमली की पोर कान झाकून किंचाळत सुटे. नातेवाईक बोलावीनासे झाले. वहिनी रडून रडून अंथरुणाला खिळल्या. धाकटीनं बोलावण्याला नकार कळवला, विशेष मुलांना शिकवायचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला आणि तशा मुलांच्या शाळेत बाई म्हणून लागली. तो माणूस दोन वर्षं थांबला. मग त्यानं थांबणं सोडून दिलं, आणि धाकटीनं त्याला कधी दोष दिला नाही.

हा त्याग घराला माहीत होता. माहीत नव्हती ती दुसरीच गोष्ट, आणि त्या संध्याकाळी नळाच्या धारेखाली तो कोवळा हात धरताना तीच गोष्ट धाकटीचं काळीज कुरतडत होती.

हसरी जन्मतः हसरी नव्हती. तिला हसायला धाकटीनं शिकवलं होतं.

आरशासमोर बसवून, रोज सकाळ-संध्याकाळ. ओठ ताणले की एक बेदाणा. किंचाळी आली की बेदाणा बंद. किंचाळी गिळून हसली की दोन. अभ्यासक्रमाचा पहिलाच महिना, अर्धं हळकुंड हाती आलेलं, आणि पिवळं व्हायची घाई. सहा महिन्यांत पोर दारात आलेल्या प्रत्येकाकडे बघून हसू लागली, पुढे थोडं थोडं बोलूही लागली. नातेवाईक परतले. 'किती गुणी, किती हसरी' म्हणू लागले. धाकटीला वाटलं, आपण पोरीला जगात जागा मिळवून दिली... आणि खरंच दिली होती. फक्त त्या जागेचं भाडं म्हणून पोरीचं रडणं कायमचं काढून घेतलं होतं, हे तिला दहा वर्षांनी, इस्त्रीच्या डागावर कळलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत मोठ्या बाईंपुढे उभी राहिली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, बोलायला फटकळ, मनानं लोणी. "हसरीला शेजारच्या वर्गातून माझ्या वर्गात घ्या," धाकटी म्हणाली.

"स्वतःच्या घरचं मूल स्वतःच्या वर्गात? नियमात बसत नाही ते."

"नियमात नाही बसत. पण तीन महिन्यांनी ती इथे नसेल."

मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, तिच्याकडे बघितलं आणि हजेरीपटात हसरीचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं.

धाकटीच्या वर्गात सात मुलं होती आणि रोजचा पहिला तास मनाचा असे. भिंतीवर चार चेहरे चिकटवलेले, आनंद, दुःख, राग, भीती. पण धाकटी चेहऱ्यांपासून सुरुवात करत नसे. आधी अंग, मग नाव, ही तिची रीत. पोटात गोळा आलाय का? छाती धडधडतेय का? गाल गरम झालेत, मुठी आवळल्यात? मग त्याला म्हणायचं राग. दुसऱ्यांच्या मुलांना ती हे इतक्या निगुतीनं शिकवायची की बाहेरून लोक वर्ग बघायला यायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असाच असतो.

आणि मग होता 'नकोचा डबा'. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यात सगळ्या नावडत्या वस्तू. ओला स्पंज, काथ्याचा खरखरीत गुंडा, टोचणारी लोकरी टोपी, कर्कश वाजणारी घंटा. बाई एकेक वस्तू मुलाजवळ न्यायच्या. मुलानं तळवा पुढे करून 'नको' म्हणायचं. म्हटलं की वस्तू तिथल्या तिथं मागे. लाडीगोडी नाही, 'थोडंसं तरी' नाही, आणि 'का' तर मुळीच विचारायचं नाही. नको म्हणजे नको. हा नियम पाळला जातो की नाही हे बघायला एक मुलगी आपणहून नेमली गेली होती. जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीचा गणवेश, आणि चूक दिसली की उभं राहून निकाल देणार. तिला सगळे जज्जीणबाई म्हणत. दुसरा एक मुलगा होता, त्याला सगळे पाहुणा म्हणत. तो भेटेल त्याच्याशी, अगदी दिव्याच्या खांबाशीसुद्धा, हात मिळवायचा आणि कुणी काही दिलं की घ्यायचा. त्याला पहिला 'नको' म्हणायला तीन आठवडे लागले होते. मग मात्र त्याला अशी गोडी लागली की गणिताला, बेरजेला, पाढ्यांना, सगळ्यालाच नको. गणिताच्या बाई कमरेवर हात ठेवून तक्रार घेऊन आल्या होत्या.

हसरीच्या मानेवर ओला स्पंज टेकला, पाण्याचा ओघळ पाठीवरून खाली गेला. हसरी हसली. टोपी टोचली, हसली. कानाशी घंटा वाजली, डोळे मिटून हसली. पहिला महिना गेला, दुसरा गेला. धाकटी रोज घरी येऊन दादांच्या नजरेला नजर देईना. एकदा मात्र, स्पंज टेकवताना तिचं लक्ष खाली गेलं. हसरीच्या चपलेतली बोटं घट्ट मुडपून पांढरी पडली होती. हसू चेहऱ्यावर होतं आणि नको पायाच्या बोटांत जाऊन बसलं होतं. धाकटीनं स्पंज टाकून दिला, वर्गाकडे पाठ फिरवली आणि फळा पुसत राहिली. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"बाई, फळा कोरा आहे," जज्जीणबाईनं निकाल दिला.

त्या रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिला राहवलं नाही. हातातली ओली चादर तशीच धरून ती म्हणाली, "वहिनी, हसरीला दुखलं तरी ती हसते ना, ते माझ्यामुळे. लहानपणी मी तिला..."

"बेदाणे," वहिनी म्हणाल्या.

धाकटीनं वळून वहिनींकडे बघितलं.

"मी दारात उभी असायचे गं. रोज बघायचे." वहिनींनी दोरीवरचा एकेक चिमटा सारखा केला. "ती किंचाळायची तेव्हा मला वाटायचं, जाऊन पोटाशी धरावं. पण तू शिकलेली. मला म्हणायचीस, वहिनी तुम्ही राहू द्या, मी बघते. राहू दिलं मी. पहिल्या वर्षी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, अंगात त्राणच नव्हतं. मग अंगात त्राण आलं तेव्हा कळलं की माझ्यासाठी काही उरलंच नव्हतं. न्हाऊ तू घालणार, भरवणार तू, वेणी तुझ्या हातची. तुझा भांग कसा रेघ मारल्यासारखा, माझा वाकडा. ताप आला तरी ती आत्याच्या खोलीकडे बघते." त्यांनी शेवटचा चिमटा लावला. "यांनी अर्ज आणला तेव्हा मी हो का म्हटलं, माहितीये? घरात असून माझी नाहीच, तर लांब असलेली काय वाईट..."

बाई गं... धाकटीच्या हातातली चादर गच्चीच्या फरशीवर पडली. दहा वर्षं आपण दिलं, दिलं असं ती मनात मोजत आली होती. त्यातलं किती वहिनींच्या ओंजळीतून उचलून दिलं होतं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. ती वहिनींच्या पायाशी बसली. वहिनींनी तिला उठवलं नाही, पण तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"शेवटच्या आठवड्यात पालकांसाठी मनाचा तास आहे," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "दादाला घेऊन या. काही नाही झालं तर नाही झालं. पण जे माझं आहे ते मी माझ्या तोंडानं सांगणार आहे."

त्या दिवशी पालक मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. पाहुण्यानं सगळ्यांशी दोनदा हात मिळवला. दादा शेवटच्या रांगेत, घड्याळाकडे बघत. अर्ज त्यांच्या खिशात होता, भरलेला. परतताना टपालात टाकायचा होता.

धाकटी समोर उभी राहिली. या पालकांत तिचं नाव होतं. आपल्या मुलांच्या गोष्टी ते आधी तिला सांगत, मग घरच्यांना. तिनं हात जोडले.

"तास सुरू करण्याआधी माझी एक चूक सांगते. दहा वर्षांपूर्वी मी एका मुलीला हसायला शिकवलं. ती रडली की लोकांना त्रास व्हायचा, म्हणून. मला वाटलं, मी तिला आनंद शिकवतेय. मी तिला फक्त चेहरा शिकवला. आज ती भाजली तरी हसते. लोक म्हणतात, तिला कळत नाही. तिला सगळं कळतं. सांगायचा रस्ता मी बंद केला. ती मुलगी माझी भाची आहे. तुमची मुलं माझ्या हाती ठेवायची की नाही, ते तुम्ही ठरवा."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. दादांनी मान वर केली होती आणि ते बहिणीकडे असे बघत होते, जणू इतकी वर्षं दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात स्वतःचे तपासायचे राहूनच गेले होते.

धाकटीनं डबा उघडला आणि मुलांना गोलात बसवलं. हसरीची एक वेणी सुटू लागली होती, रिबिनीचं टोक खांद्यावर लोंबत होतं. धाकटीचा हात आपोआप तिकडे गेला, रोज सकाळी जायचा तसाच. डबा बाजूला ठेवून ती रिबिनीची गाठ घट्ट करू लागली.

हसरीनं तळवा पुढे केला. भाजलेल्या जागी नवी, गुलाबी कातडी आली होती.

"नको."

इतका हळू की धाकटीला आधी पटलंच नाही. "अगं, मी आहे... वेणी सुटलीये बाळा, एवढंच..."

"बाई!" जज्जीणबाई ताडकन उभी राहिली. "नको म्हणजे नको. 'एवढंच' म्हणायचं नसतं. तुम्हीच सांगितलंय."

धाकटीचा हात हवेतच राहिला. ज्या एका शब्दासाठी तीन महिने जीव टाकला, तो शब्द आला होता. स्पंजाला नाही, घंटेला नाही... तिला आला होता. पण ती दोन पावलं मागे सरली, हात पाठीमागे बांधले आणि आवाज शक्य तितका सरळ ठेवून म्हणाली, "बरोबर. नको म्हणजे नको. शाब्बास, हसरी."

हसरीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. घरच्यांनी हा चेहरा दहा वर्षांत बघितला नव्हता. ओठ वाकडे झाले, नाक लाल झालं, आणि गळ्यातून एक बेसूर, घोगरा हुंदका आला. मग ती उठली, खुर्च्यांमधून वाट काढत शेवटच्या रांगेत गेली आणि आईपुढे पाठ करून जमिनीवर बसली.

"आई. वेणी."

वहिनींनी घाबरून धाकटीकडे बघितलं. धाकटीनं मान हलवली. वहिनींनी केस हातात घेतले. त्यांचे हात इतके थरथरत होते की तीन पेडांचे चार झाले, एक निसटला, तो पकडायला जाताना केस खसकन ओढले गेले.

"आई गं," हसरी म्हणाली. "दुखतंय."

वहिनींचे हात जागीच थबकले. दादा खुर्चीवरून उठले, ती बुटकी खुर्ची त्यांच्या मागे उलटी पडली. "काय म्हणालीस?"

"दुखतंय," हसरीनं वडिलांना समजावून सांगितलं. "केस. इथे."

दादा खाली बसले, लेकीसमोर, फरशीवर, नव्या पँटची पर्वा न करता. खिशातला लिफाफा काढून त्यांनी दोन तुकडे केले, चार केले, आणि मग ते तुकडे कुठे ठेवायचे ते न सुचून तसेच मुठीत धरून रडू लागले. वहिनी लेकीच्या केसांत तोंड खुपसून 'चुकलं गं बाळा, हळू करते, हळू करते' म्हणत होत्या. आणि धाकटी फळ्यापाशी उभी राहून बघत होती. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, त्यातली कुठली सुखाची आणि कुठली दुसरी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी दादा तिच्या खोलीच्या दाराशी आले. "धाकटे, मी तुला त्या दिवशी बोललो ते... संसाराचं..."

"थोडं खरं होतं ते, दादा."

"खरं असलं तरी भावानं बोलायचं नव्हतं. तू आमच्यासाठी काय सोडलंस ते विसरलो नव्हतो गं. आठवलं की लाज वाटायची, म्हणून रागवायचो." एवढं मोठं वाक्य त्या घरात दादा पहिल्यांदाच बोलले असतील. धाकटीनं त्यांचा हात धरला आणि मग सांगितलं, शाळेजवळ एक खोली बघितलीये.

"आता कशाला?" मागून आलेल्या वहिनी कळवळून म्हणाल्या. "आता तर सगळं..."

"माझा हात आपोआप पुढे जातो, वहिनी. वर्गासमोर गेला, बघितलंत ना. मी इथे असले तर पोरीला रोज मला नको म्हणावं लागेल, आणि तुम्ही रोज माझ्याकडे बघून मग केस हातात घ्याल. थोडे दिवस जाऊ दे."

सामान फारसं नव्हतं. दोन पेट्या आणि नकाशे काढायची जुनी फळी. दादांनी स्वतः उचलून नेलं. जायची वेळ धाकटीनं हसरी शाळेत असतानाची निवडली. उगीच समोर निरोप नको, पोरीला रडू येईल म्हणून. मोठ्या बाईंना सांगून तिनं हसरीला पुन्हा शेजारच्या वर्गातही घातलं.

आणि मग सुरू झाले तिचे एकटीचे दिवस. खोली नीटनेटकी, शांत. एका माणसाचा स्वयंपाक दोन घासांत संपायचा. शाळेच्या व्हरांड्यात हसरी दिसायची, वाकड्या भांगाच्या दोन वेण्या घालून, मनगटाला आईनं बांधलेला रुमाल. धाकटीकडे न बघता सरळ पुढे जायची. एकदा नाही, रोज. धाकटीनं मनाची समजूत घातली. हेच तर हवं होतं, लेक आईची झाली. पण सहा आठवडे पोर नजरही वळवत नाही म्हटल्यावर समजूत कुठवर पुरणार? पोरीला माझी आठवणही नको झाली, असं तिच्या मनानं घेतलं, आणि नको म्हणजे नको, हा नियम तर तिचाच होता.

वहिनींनी रविवारी जेवायला बोलावलं तेव्हा तिनं दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा वहिनी स्वतः शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, "येतेस की उचलून नेऊ?" म्हणाल्या, तेव्हा कुठे ती गेली.

दार हसरीनं उघडलं. आत्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं, ओळखही दाखवली नाही. तळवा पुढे केला.

"थांब."

धाकटी पायपुसण्यावरच थांबली. हातातली फळांची पिशवी तिनं दाराच्या कडेला ठेवली. "बरं बाळा. मी जाते," ती कशीबशी म्हणाली आणि वळली.

"जायचं नाही. थांब म्हटलं."

धाकटीनं वळून बघितलं. हसरी छातीवर हात ठेवून काहीतरी शोधत होती, वर्गात शिकवलं होतं तसं, सावकाश, वरून खाली. "इथे गरम. गाल गरम. मुठी." तिनं दोन्ही मुठी दाखवल्या.

"मग... त्याला काय म्हणायचं?"

"राग."

"कुणाचा राग आलाय?"

"तुझा," हसरी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "तू गेलीस. मी शाळेत होते. घरी आले, आत्या नाही. सांगितलं नाहीस."

पोरीला रडू येऊ नये म्हणून... अरे देवा, पुन्हा तीच चूक. पुन्हा तिचं रडणं आपणच ठरवून टाळलं होतं. आणि सहा आठवडे पोर व्हरांड्यातून जाताना विसरली नव्हती, रुसली होती.

आतून दादांचा आवाज आला, "अगं, आत्याशी असं बोलतात का? आत घे तिला आधी."

"तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाल्या. "बोलू द्या तिला."

धाकटी दारातच, उंबऱ्यावर बसली. डोळे पुसायचं तिच्या लक्षात आलं नाही. "चुकलं माझं, बाळा. सांगायला हवं होतं. अजून कशाकशाचा राग आलाय? सगळं सांग मला."

हसरीनं थोडा विचार केला. मग ती आत्याच्या समोर फरशीवर मांडी घालून बसली आणि बोटं मोजत एकेक सांगू लागली.